'चंदू चॅम्पियन'ने घाईत उलटलेलं पान

'चंदू चॅम्पियन'चा ट्रेलर आमच्या घरी मामाने आणला. मे 2024 ची गोष्ट. मी पुण्याहून दोन दिवस गावी गेले होते. अण्णांच्या कॉटवर टेकून मामाने मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "दाजी, ह्यो बघा. आपल्या पेठचा माणूस. गोळ्या लागून कमरंखालनं लुळा पडला, तरी पवून गोल्ड मेडल आणलं. तुमीबी जरा मनावर घ्या की."

अण्णांनी ट्रेलर शेवटपर्यंत पाहिला. "भारी हाय," म्हणाले आणि चहाचा कप उचलला.

मामा वाईट माणूस नाही. 2011 साली उसाची ट्रॉली उलटून अण्णा तिच्याखाली सापडले, तेव्हा त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेणारा तोच. त्याआधी अण्णा कबड्डी खेळायचे. जिल्ह्याला खेळून आलेले, संघात चढाईला पहिले. ट्रॉलीनंतर कमरेखालचं शरीर गेलं. तेव्हापासून मामा त्यांच्याशी काहीतरी चांगलं बोलायचा प्रयत्न करतोय आणि ट्रेलरमध्ये त्याला ते वाक्य तयार मिळालं.

चित्रपट मी आधी थिएटरात पाहिला. नंतर प्राइम व्हिडिओवर आला तेव्हा घरी, अण्णांसोबत. मला तो आवडला, हे आधीच सांगून टाकते. पण चित्रपट मामाच्या हातात जे वाक्य देतो, त्याच्याशी माझं भांडण आहे. हा लेख त्या भांडणाचा आहे.

*

आधी माणूस. मुरलीकांत पेटकर. जन्म 1 नोव्हेंबर 1944, सांगली जिल्ह्यातलं पेठ. पुण्याहून कोल्हापूरला गेलेल्या प्रत्येकाने पेठ नाका ओलांडलेला असतो. कोवळ्या वयात ते सैन्यात गेले, ईएमई या विभागात. तिथे बॉक्सिंग शिकले. 1964 साली टोकियोत झालेल्या सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारताकडून रिंगमध्ये उतरले. 1965 च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. त्यातली एक पाठीच्या कण्यात कायमची राहिली. पुढे मुंबईत कुलाब्याच्या नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयात उपचार झाले आणि तिथे, उपचारांचा भाग म्हणून, पोहणं आयुष्यात आलं.

1968 च्या तेल अवीव पॅरालिम्पिकमध्ये भारताने पहिल्यांदा संघ पाठवला. पेटकर त्यात होते, टेबल टेनिस खेळायला. पहिली फेरी जिंकली, पदक नाही. मग 1972, पश्चिम जर्मनीतलं हायडेलबर्ग. 50 मीटर फ्रीस्टाइल, वेळ 37.33 सेकंद, जागतिक विक्रम आणि सुवर्णपदक. पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. ऑलिम्पिकमध्ये आपल्याला पहिलं वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्राने मिळवून दिलं ते 2008 साली, म्हणजे यानंतर 36 वर्षांनी.

त्याच हायडेलबर्गमध्ये पेटकर आणखी तीन प्रकारांत उतरले होते. भालाफेक, ठरलेल्या खुणेवर नेम धरून भाला टाकण्याची स्पर्धा, आणि स्लॅलम, म्हणजे व्हीलचेअरवरून अडथळ्यांच्या वाटेने जायची शर्यत. तिन्हींत ते अंतिम फेरीपर्यंत पोचले.

आता एक कबुली. माझं गाव पेठपासून मोटरसायकलवर वीस मिनिटांवर आहे. मी त्याच रस्त्याने शाळेला, कॉलेजला गेले. आणि चित्रपटाची बातमी येईपर्यंत मला हे नाव माहीत नव्हतं. त्यामुळे चित्रपटाने काय केलं नाही याची यादी करण्याआधी, त्याने काय केलं ते मान्य करणं भाग आहे. मला माझ्या शेजारच्या गावचा माणूस माहीत करून देण्याचं काम कबीर खान आणि कार्तिक आर्यन यांनी केलं.

*

चित्रपटाची बांधणी सोपी आणि पकड घेणारी आहे. 1952 साली खाशाबा जाधव हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन येतात. त्यांची मिरवणूक बघून लहानगा मुरली ठरवतो, आपणही ऑलिम्पिकचं पदक आणायचं. सगळे हसतात, 'चंदू चॅम्पियन' म्हणून चिडवतात. मग आखाडा, गावातून पळणं, रेल्वे, सैन्य, बॉक्सिंग, युद्ध, रुग्णालय, पोहणं, सुवर्ण. या सगळ्याला एक चौकट आहे. म्हातारा मुरलीकांत पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार नोंदवायची म्हणतो. कुणाविरुद्ध? भारताच्या राष्ट्रपतींविरुद्ध. का? अर्जुन पुरस्कार दिला नाही म्हणून. ही कल्पना मला फार आवडली. अपंग माणूस पडद्यावर आला की हात जोडून तरी येतो, नाही तर डोळ्यांत पाणी घेऊन. हा भांडायला येतो, तेही कायद्याने. रुग्णालयातले प्रसंगही नुसते रडके नाहीत, राजपाल यादव तिथे हसवतो.

पण ही बांधणी एक गोष्ट गृहीत धरते. स्वप्न एकच आहे, खेळ फक्त बदलत जातो. कुस्ती गेली तर बॉक्सिंग, बॉक्सिंग गेलं तर पोहणं. मधे 'गोल्ड' हा शब्द दोरीसारखा ओवलेला. ती दोरी तुटू नये म्हणून चित्रपट बॉक्सिंगचे कोच टायगर अली यांनाच पोहायला शिकवायलाही आणतो. विजय राज यांनी ती भूमिका झकास केली आहे. नाट्य म्हणूनही ते चांगलं जमतं, जुना गुरू परत येतो. पण त्यातून प्रेक्षकाच्या मनात पक्कं बसतं की पोहणं म्हणजे बॉक्सिंगचाच पुढचा राउंड. तोच माणूस, तोच गुरू, तीच ईर्ष्या, फक्त रिंगऐवजी तलाव.

मला हे पटत नाही. हे दोन खेळ एकमेकांचे पुढचे-मागचे भाग नाहीत.

*

हे मला अण्णांनी समजावलं. आम्ही चित्रपट बघत होतो आणि रिंगमधला मुरली ठोसे मारत होता. अण्णा म्हणाले, "बुक्की हातानं मारत न्हाईत, पायानं मारत्यात."

खेळाडू माणूस असं बोलतो. ठोसा सुरू होतो तो मागच्या पायाच्या चवड्यातून. पाय जमीन दाबतो, कंबर फिरते, खांदा सुटतो आणि हात शेवटी पोचतो. कबड्डीतही तसंच. चढाईपटूचा हात लांब दिसतो, पण तो लांब होतो पायामुळे. म्हणजे कण्याला गोळी लागलेल्या बॉक्सरचे हात शाबूत असले तरी त्याचा ठोसा गेलेला असतो. हातांत ताकद आहे आणि तिला उभं राहायला जमीन नाही.

पाण्यात जमीन लागत नाही. पाणी शरीर उचलून धरतं. पण तिथे दुसरी अडचण येते. पायांत हालचाल नसली की ते खाली बसायला लागतात आणि माणूस पाण्यात तिरपा होतो. तिरपं शरीर ओढायला जास्त जोर लागतो. धडधाकट पोहणारा लाथा मारून पाय वर ठेवतो, याला ते काम मान, छाती आणि हातांनी करावं लागतं. बॉक्सरचे खांदे आखूड आणि घट्ट हालचालीला सरावलेले असतात, हनुवटी झाकून. फ्रीस्टाइलला हात लांब आणि सैल फेकावा लागतो. बॉक्सर श्वास सोडतो ठोशाबरोबर. पोहणाऱ्याला श्वास मिळतो तो पाणी देईल तेव्हा. बॉक्सिंगमध्ये समोर माणूस असतो, त्याचे डोळे दिसतात, तो काय करणार याचा अंदाज घेता येतो. तलावात समोर काही नसतं. शेजारच्या लेनमधला माणूस तुमच्याकडे बघतही नाही.

म्हणजे बॉक्सर मुरलीकांतला जे जे येत होतं, त्यातलं बरंच पोहणाऱ्या मुरलीकांतला विसरावं लागलं असणार. हे नव्याने शिकणं होतं, वेगळ्या शरीराने, पहिल्या इयत्तेपासून. चित्रपटात सगळ्यात जास्त बघायला मिळायला हवं होतं ते हे, कारण बहुतेकांना याची कल्पनाच नसते. मलाही नव्हती, आणि माझ्या घरात तर असा माणूस आहे.

शेवटच्या शर्यतीच्या वेळी अण्णांनी विचारलं, "किती सेकंद?"

"सदतीस."

"मग एक चढाई झाली," ते म्हणाले.

कबड्डीत एका चढाईला तीस सेकंद मिळतात. एका दमात समोरच्याच्या अंगणात जायचं आणि परत यायचं. मी चित्रपट दोनदा पाहिला, मुलाखती वाचल्या, पण 37.33 हा आकडा मला कळला तो त्या क्षणी.

*

या चित्रपटातल्या युद्धाच्या दृश्याचं खूप कौतुक झालं. आठ मिनिटांचं सलग दृश्य, मधे कापाकापी नाही. कॅमेरा मुरलीबरोबर धावतो, पडतो, उठतो. ते दृश्य खरंच दमवतं. दिग्दर्शक जेव्हा कट न करता वेळ देतो, तेव्हा तो प्रेक्षकाला सांगत असतो की हे नीट बघ, यातली एक सेकंदही तुला सोडता येणार नाही.

आता पोहायला शिकण्याचा भाग आठवा. तो तुकड्यातुकड्यांनी येतो, पार्श्वसंगीतावर. एका तुकड्यात जमत नाही, पुढच्या तुकड्यात जमतंय, त्याच्या पुढच्यात वेग आलाय. सगळ्या क्रीडापटांत सराव असाच दाखवतात, हे मला माहीत आहे. बॉक्सिंगचा सराव असा दाखवला तर फारसं बिघडत नाही. धावणं, दोरीवरच्या उड्या, पंचिंग बॅग, हे आपण शंभरदा पाहिलंय, मधल्या जागा आपण भरू शकतो. पण पायात जीव नसलेला माणूस पाण्यात कसा उतरतो, पहिल्यांदा तोंडात पाणी जातं तेव्हा कशाला धरतो, बाहेर कसा येतो, कपडे कोण बदलतं, या मधल्या जागा भरायला आपल्याकडे काहीच नाही. तिथे प्रेक्षक एकच शब्द भरतो. जिद्द.

माणूस कोसळला त्याला सलग आठ मिनिटं. माणूस शिकला त्याला गाण्याएवढी जागा. माझी मुख्य तक्रार ही आहे.

जाहिरातीतही तेच. चित्रपटाच्या पहिल्या पोस्टरवर लाल लंगोटातला कार्तिक आर्यन धावताना दिसतो. त्याने शरीरातली चरबी 39 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर कशी आणली, याच्या पोस्ट आपल्या सगळ्यांच्या फोनवर येऊन गेल्या. त्याने मेहनत घेतली, त्याबद्दल वाद नाही. पण भारताच्या पहिल्या पॅरालिम्पिक सुवर्णाचा चित्रपट विकताना समोर ठेवलं गेलं ते धावणारं शरीर. पोहणारं शरीर तिकीट खपवेल अशी खात्री बहुधा कुणालाच नव्हती.

*

बॉक्सिंग आणि पोहणं यांच्या मधे जी गोष्ट उभी आहे ती म्हणजे रुग्णालय. आणि रुग्णालयातून खेळाकडे जाणारा हा रस्ता एकट्या पेटकरांना सापडलेला नव्हता. तो आधी कुणीतरी बांधला होता.

लुडविग गुटमान हे जर्मन ज्यू डॉक्टर 1939 साली नाझींपासून पळून इंग्लंडला आले. 1944 साली स्टोक मँडविल इथे कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी त्यांनी विभाग सुरू केला. तोवर अशा रुग्णांचं काही खरं नसायचं. पाठीला जखमा व्हायच्या, लघवीचा संसर्ग व्हायचा आणि माणूस जायचा. गुटमान यांनी दोन गोष्टी लावून धरल्या. एक, दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. दुसरी, खेळ. खेळ त्यांच्यासाठी करमणूक नव्हती, औषध होतं. 29 जुलै 1948 ला, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात 16 जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. पॅरालिम्पिकचं मूळ तिथे आहे. 1972 साली पेटकर हायडेलबर्गला पोहले, तेव्हा ती स्पर्धा गुटमान यांना सोडून जावं लागलेल्या देशातच भरली होती. म्युनिकला मात्र नाही, जिथे त्या वर्षीचं ऑलिम्पिक होतं. कारण तिथल्या क्रीडाग्रामाचे फ्लॅट करायचे होते.

दोन तासांनी कूस बदलणं मी वाचलं तेव्हा थबकले. आमच्या घरी आईच्या फोनवर दर दोन तासांचा अलार्म आहे. रात्री बारा, दोन, चार. तो कुठून आला हे तिला माहीत नाही. एका नर्सने सांगितलं आणि ती करत राहिली. गुटमान यांची पहिली गोष्ट आमच्या घरापर्यंत पोचली. दुसरी पोचली नाही.

पेटकरांपर्यंत दोन्ही पोचल्या. नौदलाचं रुग्णालय होतं, व्यायाम शिकवणारी माणसं होती, पाणी होतं. परदेशी जायच्या वेळी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेचा हात होता. पुढे पुण्यात टेल्कोची नोकरी होती. हे सांगून मी त्यांचं पदक लहान करत नाहीये. 37.33 सेकंद त्यांचेच आहेत, तिथे कुणी धरायला नव्हतं. पण त्या सेकंदांपर्यंत जायला जो जिना होता, त्याला पायऱ्या होत्या. चित्रपट बघून वाटतं की माणूस खालून थेट वर उडाला.

आमच्या जिन्याचं सांगते. अण्णांना पहिल्या दवाखान्यातून घरी सोडताना कागदावर लिहून दिलं होतं, 'घरी व्यायाम करणे'. कोणता, ते नाही. दोन वर्षांनी एका डॉक्टरांनी पोहणं चांगलं म्हणून सांगितलं. तेव्हा मी बारावीला होते. मामाची गाडी घेऊन आम्ही जवळच्या एका जलतरण तलावावर गेलो. दाराशीच सहा पायऱ्या. मामाने आणि दुसऱ्या एकाने व्हीलचेअर उचलून वर नेली. आतल्या माणसाने अण्णांकडे बघून मला विचारलं, "पेशंटला पाण्यात कोण उतरवणार? काही झालं तर जबाबदारी कोणाची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याचंही फार चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यालाही कुणी शिकवलं नव्हतं. अण्णा दहा मिनिटं काठावर बसून पाणी बघत राहिले. लहान पोरं उड्या मारत होती. मग म्हणाले, "चला."

म्हणून मामाचं "मनावर घ्या की" मला लागलं. अण्णांनी मनावर घेतलं होतं. ते सहा पायऱ्या चढूनही गेले होते, दोन माणसांच्या हातांवर.

*

मराठीत 'जिद्द' आणि 'हट्ट' असे दोन शब्द आहेत. दोन्हींत माणूस तेच करत असतो, ऐकत नाही. यश आलं की लोक जिद्द म्हणतात, आलं नाही की हट्ट. तलावावरून परत आल्यावर गावातल्या एकाने आम्हाला ऐकवलं होतं, कशाला हट्ट करता, पडले-बिडले म्हणजे? पेटकरांची जिद्द आणि अण्णांचा हट्ट यांच्यामधलं अंतर त्या दोघांच्या मनात नाही. ते 'अश्विनी' आणि आमचा तलाव यांच्यामधलं आहे.

इथे माझा एक मित्र मला अडवतो. तो सिनेमावर लिहितो. त्याचं म्हणणं, अडीच तासांच्या हिंदी चित्रपटाकडून तू पुनर्वसनाचा माहितीपट मागतेयस. शिवाय स्वतः पेटकरही आपली गोष्ट जिद्दीची म्हणूनच सांगतात, मग तू कोण?

पहिल्या आक्षेपावर माझं उत्तर असं की मला माहितीपट नको, नाट्यच हवं आहे. काही वर्षांपूर्वी ज्याने ठोसा खाऊन डोळे मिटले नाहीत, तो माणूस कमरेएवढ्या पाण्यात घाबरतो, यापेक्षा मोठं नाट्य कोणतं? ते युद्धाच्या दृश्याइतकंच सलग दाखवता आलं असतं. तेवढी ताकद या दिग्दर्शकाकडे आहे हे त्याच आठ मिनिटांनी सिद्ध केलंय.

दुसरा आक्षेप खरा आहे. ज्याने ते जगलं त्याला आपली गोष्ट हवी तशी सांगायचा हक्क आहे. ज्याला पन्नास वर्षं कुणी विचारलं नाही, त्याने 'मी हे माझ्या बळावर केलं' म्हटलं तर ते अगदी बरोबर आहे. पण ती गोष्ट कोट्यवधींच्या फोनवर पाठवणाऱ्याची जबाबदारी वेगळी. पेटकर बोलतात तेव्हा ते स्वतःबद्दल बोलतात. चित्रपट बोलतो तेव्हा तो माझ्या अण्णांबद्दलही बोलत असतो, त्याचा तसा इरादा असो वा नसो.

*

चित्रपटाचा सगळा भार एका शर्यतीवर आहे. त्यामुळे पेटकरांच्या कारकिर्दीतली मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट बाजूला पडते. ती म्हणजे बाकीचे खेळ. टेबल टेनिस, भाला, स्लॅलम.

त्या काळच्या पॅरालिम्पिकमध्ये हे नेहमीचं होतं. 1960 साली रोममध्ये ब्रिटनच्या मार्गारेट मॉन यांनी धनुर्विद्येत सुवर्ण मिळवलं आणि पोहण्यातही. लोक अनेक खेळांत उतरायचे, कारण रुग्णालयात त्यांनी सगळंच करून पाहिलेलं असायचं. आजही ही वाट चालू आहे. दीपा मलिक आधी पोहायच्या, मग भालाफेकीत आल्या आणि 2016 मध्ये रिओला गोळाफेकीत रौप्य जिंकलं. अमेरिकेची ओक्साना मास्टर्स नौकानयन, स्कीइंग आणि सायकलिंग अशा तीन खेळांत पॅरालिम्पिक पदकं घेऊन बसली आहे.

'एकच स्वप्न' या गोष्टीत हे बसत नाही. ज्याला चार खेळ आवडतात तो नायक म्हणून जरा पातळ वाटतो. पण नुकतंच शरीर बदललेल्या माणसाला स्वप्नाचा उपयोग नसतो, त्याला माहिती हवी असते. आता या शरीराला काय जमतं? फेकणं जमतं का? वळणं जमतं का? पाण्यात काय होतं? तेल अवीवला टेबल टेनिसमध्ये एक फेरी जिंकून बाहेर पडलेले पेटकर मला म्हणून महत्त्वाचे वाटतात. एखादा खेळ करून पाहायची, त्यात साधारण ठरायची आणि दुसरा निवडायची मुभा त्यांना मिळाली. धडधाकट पोराला ती मुभा शाळेच्या मैदानावर फुकट मिळते. क्रिकेट नाही जमलं तर खो-खो. त्याला कुणी प्रेरणा म्हणत नाही, हट्टही म्हणत नाही.

हे आमच्या भागात होऊ शकत नाही असं नाही. 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य घेणारा सचिन खिलारी आमच्याच जिल्ह्यातला, आटपाडी तालुक्यातला. त्या दिवशी मामाने पुन्हा व्हिडिओ आणला. या वेळी खाली काही लिहिलं नव्हतं. पाठवला नुसता.

*

पोलीस ठाण्यातल्या त्या तक्रारीचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. प्रत्यक्षात पेटकरांनी 1982 साली अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला होता, तो नाकारला गेला. 2018 मध्ये पद्मश्री मिळाली, तिथे चित्रपट संपतो. चित्रपट आल्यावर, 17 जानेवारी 2025 ला, राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार मिळाला. वयाच्या 80 व्या वर्षी. ज्यांची मिरवणूक चित्रपटातल्या छोट्या मुरलीने पाहिली, त्या खाशाबांना तर अर्जुन मिळाला तो मरणोत्तर. कृष्णाकाठच्या खेळाडूंना सरकार घाईने काही देत नाही, असं दिसतं. पेटकरांच्या बाबतीत चित्रपटाने धक्का दिला असणार असं मला वाटतं, आणि त्याबद्दल त्याला शंभर चुका माफ.

तो पुरस्काराचा व्हिडिओ मी अण्णांना फोनवर दाखवला. कुबड्यांवर चालत येणारे पेटकर, टाळ्या वाजवणारं सभागृह. मला वाटलं अण्णा पुन्हा "भारी हाय" म्हणतील. ते गप्प होते. मग म्हणाले, "परत लाव."

परत लावला. त्यांचं लक्ष पुरस्कारावर नव्हतं. ते खांदे बघत होते.

"पवणाऱ्याचंच हायत अजून," म्हणाले. थोड्या वेळाने फोन माझ्या हातात देत म्हणाले, "पिक्चरचं सोड. त्या माणसाला कुणीतरी इचारलं पायजे, पयल्या दिवशी पाण्यात धराय कोण हुतं."